लाल, पिवळा, निळा... आणि एक चिंधी

इंजिनिअरिंग करून आयटीत घुसलेल्या प्रत्येकाचा एक तरी मित्र 'सीएफडी'मध्ये असतो. सीएफडी म्हणजे हवा-पाण्याचं वाहणं कॉम्प्युटरवर सोडवायचं शास्त्र. आम्ही जावा आणि एक्सेल शीट यांच्यात आयुष्य घालवतो आणि हा गडी विमानांची नाकं तापवत बसतो. (हेवा वाटतो, लपवत नाही.) तर असे मित्र अधूनमधून चित्रं पाठवतात. विमानाचं नाक लालभडक, पंखांच्या कडा केशरी, पुढे पिवळा, पोट निळंशार. दिवाळीत दारात काढावी अशी रांगोळी. आणि हल्ली त्या चित्राखाली कुणीतरी हमखास लिहितो, "आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं. मग विंड टनेल आणि चाचणी उड्डाणांवर पैसे कशाला उडवायचे?"

मंडळी, हा प्रश्न आजचा नाही. १९७५ मध्ये नासाच्या एम्स केंद्रातल्या चॅपमन, मार्क आणि पर्टल या तिघांनी 'कॉम्प्युटर विरुद्ध विंड टनेल' अशा अर्थाच्या मथळ्याचा एक लेख लिहिला होता. साधारण दहा वर्षांत कॉम्प्युटर बाजी मारणार असा त्याचा सूर होता. त्याला पन्नास वर्षं उलटली. कॉम्प्युटर तेव्हाच्या कल्पनेपलीकडे गेले आणि विंड टनेल अजून चालूच आहेत. नवीन बांधली जातायत!

हे का, ते सांगायचा आज प्रयत्न करतो. आणि शेवटी एक मागणी आहे माझी. पण आधी थोडं पुराण.

शाळेत आपल्याला शिकवलं की उल्का 'हवेच्या घर्षणाने' पेटते. अर्धसत्य आहे. घर्षण असतंच, पण नाकासमोर मुख्य काम दाबाचं. सायकलचा पंप मारताना त्याचं खालचं टोक तापतं, ते आठवा. हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती कोंडली जाते, दाबली जाते आणि तापते. अकरा-बारा किलोमीटरच्या वर बाहेरची हवा उणे ५६ अंश असते. तिच्यातून आवाजाच्या दुप्पट वेगाने, म्हणजे मॅक २ ने गेलात, तर नाकासमोर थांबलेल्या हवेचं तापमान होतं अधिक ११७. हे कागदावर दोन ओळींत निघतं, सुपरकॉम्प्युटर लागत नाही. काँकॉर्ड २००३ मध्ये निवृत्त झालं. त्याच्या नाकाची तापमान-मर्यादा १२७ अंश होती आणि मॅक २.०४ ला हेच दोन ओळींचं गणित १२४ च्या आसपास येतं. म्हणजे त्या विमानाचा वेग नुसत्या इंजिनाने ठरत नव्हता, अ‍ॅल्युमिनियम किती ताप सहन करतं यानेही ठरत होता. वर हवा नेहमीपेक्षा गरम असेल तर वेग कमी करायचा, विषय संपला.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पुढे मात्र वेग वाढला की उष्णता वेगाच्या घनाच्या हिशोबाने वाढते. वेग दुप्पट, तर नाकावर येणारी उष्णता आठपट. नाक चौपट बोथट केलंत तर ती निम्मी होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅरी ज्युलियन अ‍ॅलन याने एम्समध्ये हेच ओळखलं. टोकदार नको, बोथट नाक करा, म्हणजे पुढे हवेची उशी तयार होते आणि बरीचशी उष्णता वस्तूत न शिरता हवेबरोबर निघून जाते. सगळ्यांची समजूत नेमकी उलटी होती. १९५८ मध्ये फे आणि रिडेल यांनी नाकाच्या टोकावरची उष्णता काढायचं सूत्र दिलं आणि ते आजही पहिल्या अंदाजासाठी वापरतात. आपल्या क्षेत्रात पाच वर्षांपूर्वीचं फ्रेमवर्क 'लीगसी' म्हणून हिणवतात. असो.

मग कॉम्प्युटर नक्की काय करतो? विमानाभोवतीच्या हवेचे लाखो-कोट्यवधी छोटे ठोकळे करायचे आणि प्रत्येक ठोकळ्यात वस्तुमान, संवेग, ऊर्जा यांचा जमाखर्च मांडायचा. गोम अशी की आपल्याला हवी असलेली उष्णता ही पृष्ठभागाला चिकटलेल्या केसाएवढ्या थरात तापमान किती झपाट्याने बदलतं यावर ठरते. म्हणजे सगळा डोलारा उभा करायचा आणि उत्तर वाचायचं ते तळाच्या एका कपच्यातून. ठोकळे तिथे पुरेसे बारीक नसले, किंवा पुढच्या शॉकवेव्हशी नीट समांतर नसले, तरी चित्र सुंदरच येतं आणि आकडा मात्र गंडतो. एक गंमत तर अशी की काही नावाजलेल्या गणिती पद्धती बोथट नाकासमोरच्या शॉकवेव्हला चक्क एक टेंगूळ आणतात. खऱ्या हवेत ते नसतंच. ठोकळ्यांच्या गणितातून जन्मलेलं भूत! १९८८ मध्ये ते पहिल्यांदा नोंदवलं गेलं, त्याला 'कार्बंकल' म्हणजे गळू असं नाव पडलं आणि त्यावर आजतागायत पेपर निघतायत. आपल्या एखाद्या बगला एवढं दीर्घायुष्य लाभलं असतं तर अप्रेझलचं काय झालं असतं, विचार करा.

पण खरं सांगायचं तर ही अडचण मोठी नाही. कष्टाने, शिस्तीने ती आवाक्यात आणता येते. शिवाय निसर्ग इथे थोडी सूटही देतो. तापलेला पृष्ठभाग जी उष्णता बाहेर फेकतो ती तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. त्यामुळे तुमचा उष्णतेचा अंदाज २० टक्क्यांनी चुकला तरी पृष्ठभागाचं तापमान पाचेक टक्क्यांनीच चुकतं. एवढी चूक कुठलाही डिझायनर पोटात घालतो.

खरी अडचण उदबत्तीत आहे.

देवासमोरची उदबत्ती बघा. धूर आधी सरळ, रेशमी धाग्यासारखा वर जातो. मग कुठेतरी थबकतो, थरथरतो आणि एकदम विस्कटतो. सरळ असतो तो लॅमिनार, विस्कटतो तो टर्ब्युलंट. विमानाच्या अंगालगतच्या हवेच्या थराचं, म्हणजे बाउंड्री लेयरचंही असंच होतं. विस्कटलेला थर वरची गरम हवा ढवळून अंगाशी आणतो आणि उष्णता तीन ते आठपट होऊ शकते. आता वरचंच गणित पुन्हा करा. लॅमिनार असताना एखाद्या ठिकाणी १००० केल्विन, म्हणजे ७२७ अंश सेल्सिअस तापमान असेल आणि उष्णता पाचपट झाली, तर चौथ्या घाताची सूट देऊनही ते साधारण १४९५ केल्विनवर जातं. १२२२ अंश सेल्सिअस. लाल तापणं आणि वितळायच्या बेतात येणं यातलं हे अंतर.

आणि धूर कुठे विस्कटेल? सांगा बघू. पंखा चालू आहे का, शेजारून कुणी गेलं का, दार आपटलं का, सगळ्यावर अवलंबून. विमानाच्या बाबतीत पृष्ठभागाचा खडबडीतपणा, वातावरणातली बारीक हालचाल, पत्र्याचं तापमान, नाकाचा आकार, सगळंच यात हात घालतं. एखाद्या छोट्या पट्टीपुरती ही विस्कटण्याची गोष्ट मूळ समीकरणांतून सोडवता येते, त्याला प्रचंड मोठा कॉम्प्युटर लागतो. अख्ख्या विमानासाठी, अख्ख्या उड्डाणभर तसं करणं अजून परवडत नाही. म्हणून रोजच्या कामात 'इथे विस्कटतो' हे इंजिनिअरच प्रोग्रामला सांगतो. जुन्या प्रयोगांवरून बेतलेला एखादा नियम असतो, त्यावरून. म्हणजे चित्रातला जो लाल पट्टा बघून आपण 'वा!' म्हणतो, त्याची सुरुवात कुठे व्हावी हे बरेचदा आधीच कुणीतरी टाइप केलेलं असतं.

याची किंमत किती? १९८६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी 'ओरिएंट एक्स्प्रेस'ची घोषणा केली. वॉशिंग्टनजवळून उडून दोन तासांत टोकियो! एक्स-३० असं त्या विमानाचं नाव. १९८८ मध्ये त्यांच्याच डिफेन्स सायन्स बोर्डाने सांगितलं की बाउंड्री लेयर कुठे विस्कटतो याचा अंदाज इकडचा तिकडे झाला तर विमानाचं एकूण वजन दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकतं. दुप्पट! प्रोजेक्टचा एस्टिमेट दुप्पट व्हायची सवय आपल्याला आहे, पण तिथे हलक्या विमानाला अवकाशात जाता येतं आणि दुप्पट जड विमानाला येत नाही. १९९३ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला. कारणं अनेक होती, इंजिनाचं मोठं होतं, पण हेही त्यात होतंच.

आता चिंधीची गोष्ट. आणि तिच्याआधी जी घडली ती.

१ फेब्रुवारी २००३. कोलंबिया परतताना तुटलं, सात जण गेले, कल्पना चावला त्यांत होत्या. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा पंखावर आदळला होता हे सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की यान वर असतानाच जमिनीवर त्याचं विश्लेषण झालं होतं. 'क्रेटर' नावाचं एक मॉडेल होतं, टाइलवर काही आदळलं तर किती खोल खड्डा पडेल ते सांगणारं. ते ज्या प्रयोगांवर बेतलं होतं त्यातले तुकडे जास्तीत जास्त ३ घन इंचांचे. इथला तुकडा होता १२०० घन इंचांच्या आसपास, म्हणजे ४०० पट. शितावरून भाताची परीक्षा करतात हे ठीक, पण इथे शितावरून अख्ख्या शेताची चाललेली. बरं, क्रेटरने काय सांगितलं? खड्डा टाइलच्या जाडीपेक्षा खोल पडेल! मग मंडळींनी म्हटलं, हे मॉडेल नेहमी जास्तच सांगतं, शिवाय टाइलच्या तळाचा घट्ट थर ते धरतच नाही, तेव्हा एवढं काही होणार नाही. त्या उरलेल्या टाइलवर मग उष्णतेचं गणित झालं आणि निष्कर्ष आला की पत्रा जळून भोक पडायची भीती नाही. प्रत्यक्षात मार बसला होता तो टाइलला नाहीच. पंखाच्या पुढच्या कडेच्या कार्बन पॅनलला.

मला या सगळ्यात सर्वांत भयानक वाटतं ते 'हे मॉडेल नेहमी जास्तच सांगतं' हे वाक्य. कारण ते त्याच्या ३ घन इंचांच्या हद्दीत अगदी खरं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, २६ जुलै २००५ ला डिस्कव्हरी उडालं. कोलंबियानंतरचं पहिलं शटल. या वेळी स्टेशनला जोडण्याआधी यानाने कोलांटी मारली आणि स्टेशनवरून त्याच्या पोटाचे फोटो काढले गेले. त्यात दिसलं की नाकाजवळ दोन ठिकाणी टाइलच्या फटीतून काहीतरी लोंबतंय. शटलच्या अंगावर वीस हजारांहून जास्त टाइल, त्यांच्यामधल्या फटीत सिरॅमिक कापडाच्या पातळ पट्ट्या भरलेल्या. त्यातल्या दोन वर आल्या होत्या. एक साधारण इंचभर, दुसरी त्याहून कमी. चिंध्याच म्हणा ना.

आता बघा गंमत. चिंधी स्वतः जळून गेली तर कुणाला फरक पडत नव्हता. प्रश्न उदबत्तीचा होता. इंचभर चिंधी नाकाजवळ उभी राहिली तर हवेचा थर तिथेच विस्कटेल आणि त्याच्यामागे पोट, पंख सगळीकडे जास्तीची उष्णता, तीही वेग सर्वांत जास्त असताना. नेहमी हा थर वेग बराच उतरल्यावर, साधारण मॅक ८ च्या सुमारास विस्कटायचा. १९८९ च्या ऑगस्टमधल्या कोलंबियाच्याच एका उड्डाणात तो फार आधी विस्कटला होता आणि संशय अशाच एका पट्टीवर होता. ते यान सुखरूप उतरलं होतं. मग या वेळी काय करायचं?

नासाकडे तेव्हा काय नव्हतं? सुपरकॉम्प्युटर होते, दोन-दोन केंद्रांचे स्वतःचे कोड होते, वीस वर्षांचा शटलचा अनुभव होता, या विषयात हयात घालवलेली माणसं होती. आणि त्यांना ठाम उत्तर देता आलं नाही. उत्तर एका टोकाला 'काही होणार नाही' आणि दुसऱ्या टोकाला 'धोका आहे' इतकं पसरलेलं. कार्यक्रमाचे तेव्हाचे उपव्यवस्थापक वेन हेल यांनी पत्रकारांपुढे सरळ मान्य केलं की त्या उंचीवर, त्या वेगाला हवा काय करते याची कुणालाच फार चांगली समज नाही. टाळ्या या माणसाला. एवढ्या मोठ्या पदावर बसून 'आम्हाला माहीत नाही' म्हणणं सोपं नसतं. आमच्याकडे स्टेटस कॉलमध्ये असं कुणी म्हणत नाही.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं असेलही. पण ३ ऑगस्टला स्टीव्ह रॉबिन्सन नावाचा अंतराळवीर स्टेशनच्या यांत्रिक हाताला पाय बांधून शटलच्या पोटाखाली गेला. तिथे आधी कुणी काम केलेलं नव्हतं. सोबत चिमटा आणि वरच जुगाड करून बनवलेली करवत होती, पट्टी निघाली नाही तर कापायला. काही लागलं नाही. दोन बोटांनी धरून हलकेच ओढलं आणि पट्टी बाहेर. दुसरीही तशीच. ९ ऑगस्टला यान सुखरूप उतरलं.

चिंध्या राहिल्या असत्या तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. मुद्दा तोच आहे. उत्तर माहीत नसण्याची किंमत म्हणून एका माणसाला पोटाखाली पाठवावं लागलं.

पुढे त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त आवडतं. २००९ च्या मार्चमध्ये डिस्कव्हरीच्याच डाव्या पंखाखाली त्यांनी मुद्दाम एक उंचवटा असलेली टाइल बसवली. पाव इंचाचा उंचवटा, त्याच्यामागे तापमान मोजायची थर्मोकपल. आणि यान परत येताना खालून अमेरिकी नौदलाचं एक विमान इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पोटाचे फोटो घेत होतं. ज्या गोष्टीला चार वर्षांपूर्वी घाबरले, तीच छोट्या, मोजलेल्या मापात स्वतःहून घडवून आणली आणि तिचं तापमान लिहून घेतलं. पुढच्या उड्डाणांत उंचवटा वाढवत नेला. आज कुणी अशा पृष्ठभागावरचा ट्रान्झिशनचा अंदाज देतो तेव्हा त्यामागे त्या फोटोंचं बळ आहे. नुसता प्रोसेसर वेगवान होऊन ते आलेलं नाही.

इथे कुणी म्हणेल, तू मॉडेलच्या विरोधात आहेस. अजिबात नाही. मॉडेल कधीकधी प्रयोगाचे कान धरतं. २००१ च्या सुमारास बफेलोच्या शॉक टनेलमध्ये दोन शंकू जोडलेल्या आकारावर प्रयोग झाले. जगभरच्या कोडवाल्यांना फक्त परिस्थिती सांगितली, मोजमापं लपवून ठेवली आणि म्हटलं, तुमची उत्तरं आधी द्या. उत्तरं आली, ती बरीच जुळली, पण पुढच्या साध्यासुध्या शंकूवर, जिथे चुकायचं काही कारणच नव्हतं, तिथे सगळ्यांचा आकडा मोजमापापेक्षा साधारण २० टक्के जास्त! सगळेच एका दिशेला चुकतायत म्हटल्यावर शोधाशोध झाली. निघालं असं की टनेलच्या नळीतून बाहेर पडताना नायट्रोजनच्या रेणूंच्या कंपनात थोडी ऊर्जा अडकून राहत होती आणि ती कुणी हिशोबात धरली नव्हती. म्हणजे समोरून येणारी हवा आपण समजतो तशी नव्हतीच. आधी उत्तर देऊन ठेवलं नसतं तर हे कधी सापडलं असतं का? कुणीतरी एखादा स्थिरांक इकडचा तिकडे करून आलेख जुळवला असता आणि घरी गेला असता. आपण नाही का, टेस्ट फेल झाली की अपेक्षित उत्तरच बदलतो...

चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते, हेही सांगायला हवं. शटलच्या डिझाइनमध्ये असं धरलं होतं की शॉकवेव्हमध्ये फुटलेले ऑक्सिजन-नायट्रोजनचे अणू टाइलवर येऊन पुन्हा जुळतील आणि ती उष्णता टाइलला देतील. प्रत्यक्षात टाइलवरची काच त्या जुळणीला फारशी मदत करत नव्हती, आणि टाइल अंदाजापेक्षा थंड राहिल्या. १९८१ च्या दुसऱ्या उड्डाणापासून काही टाइलना जुळणीला मदत करणारा लेप मुद्दाम लावला, तर त्या शेजारच्या टाइलपेक्षा जास्त तापल्या. सिद्ध झालं. म्हणजे जास्तीचं संरक्षण वागवत उडालो. चला, जास्त तर जास्त, सुरक्षित तरी. पण ही 'जास्त धरलं की सुरक्षित' समजूतही पक्की नाही. विमान सोडून जरा कॅप्सूलकडे बघा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ओरायन चंद्रावरून परतलं तेव्हा त्याच्या उष्णतारोधक कवचाचे शंभराहून जास्त ठिकाणी तुकडे उडालेले दिसले. नासाने डिसेंबर २०२४ मध्ये कारण सांगितलं. जमिनीवरच्या चाचण्या प्रत्यक्षापेक्षा कडक आचेवर झाल्या होत्या. कडक आचेत वरचा थर नीट कोळसा होऊन सच्छिद्र होत होता आणि आतला वायू निघून जात होता. प्रत्यक्ष उड्डाणात मधल्या टप्प्यात आच मंद झाली, कोळसा हळू झाला, वायू आत कोंडला आणि त्याने कवचाला तडे पाडले. मंद आच जास्त वाईट! भाकरी करणाऱ्या कुठल्याही आजीला हे पटेल, आपल्याला पटायला चंद्रावर जाऊन यावं लागलं.

आणि जे मॉडेलला कुणी विचारलंच नाही त्याचं काय? ३ ऑक्टोबर १९६७ ला पीट नाइटने एक्स-१५ मॅक ६.७ ला नेलं. पंख असलेल्या, पायलट बसलेल्या विमानाचा तो वेग शटल येईपर्यंत कुणी मोडला नाही. पोटाखालच्या कल्ल्याला एक नकली रॅमजेट लटकवलं होतं. त्याच्या शॉकवेव्ह कल्ल्याच्या शॉकवेव्हला जिथे छेदत होत्या तिथे उष्णता इतकी एकवटली की इन्कोनेलच्या पत्र्याला भोकं पडली, नकली रॅमजेट वाटेतच गळून पडलं. नाइट उतरला, पण ते विमान पुन्हा कधी उडालं नाही. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये बॅरी एडनीने अशा शॉकवेव्हच्या छेदण्याचे सहा प्रकार लावून दिले आणि आज कुठलाही चांगला कोड ती लाल टिकली बरोबर दाखवतो. वरातीमागून का होईना, घोडं आलं.

आता माझी मागणी. आपल्याकडेही हे सगळं सुरू आहे. इस्रोच्या विक्रम साराभाई केंद्राने 'प्रवाह' नावाचा स्वतःचा कोड लिहिलाय, गगनयानासाठी तो वापरतात. हैदराबादला डीआरडीओचं मॅक ५ ते १२ चं विंड टनेल २०२० मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्क्रॅमजेटचं यान वीसेक सेकंद मॅक ६ च्या आसपास उडालं. २०२५ च्या एप्रिलमध्ये स्क्रॅमजेटचा ज्वलनकक्ष जमिनीवर हजार सेकंदांहून जास्त चालवला. आणि प्रत्येक बातमीवर खाली दोनच प्रकारच्या कॉमेंट. एक, जगाला दाखवून दिलं. दोन, गरीब देशाने चाचण्यांवर पैसे का उडवावेत, सिम्युलेशन नाही का करता येत? गगनयानाच्या आराखड्यात माणसांआधी रिकामी उड्डाणं आहेत, त्यावरही हेच. यशस्वी की अयशस्वी एवढंच आपण विचारतो, जणू दहावीचा निकाल. त्या उड्डाणाने कुठला अंदाज खोटा पाडला, हे कुणी विचारत नाही.

मला वाटतं आपण, म्हणजे ज्यांना कोड कसा चुकतो हे पोटापाण्यापुरतं तरी कळतं त्यांनी, हे विचारायला हवं. उड्डाणाआधी प्रत्येक थर्मोकपलचा अंदाज त्याच्या कमी-जास्तच्या पट्ट्यासकट लिहून सील करायचा, बफेलोवाल्यांनी केला तसा. उड्डाणानंतर दोन्ही शेजारी ठेवायचे. संरक्षणाच्या यानांचं गुपित राहू दे, पण नागरी यानांचं तरी जाहीर करा. शोधनिबंधांत काही येत असेलही, आपल्यासारख्यांपर्यंत ते पोचत नाही. आणि बजेट कापायची वेळ आली तर सेन्सर सर्वांत शेवटी कापा. ते वजन वाढवतात, वायरिंग वाढवतात, फोटोत दिसत नाहीत, म्हणून पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. आपल्याकडे डेडलाइन आली की लॉगिंग आणि टेस्टिंग उडतं ना, अगदी तसं.

२३ मे २०१६ ला इस्रोचं छोटं पंखवालं यान, आरएलव्ही-टीडी, ६५ किलोमीटरवरून मॅक ५ च्या वेगाने खाली आलं आणि बंगालच्या उपसागरात ठरल्या जागी उतरलं. सगळं मिळून ७७० सेकंद. त्यानंतर २०२३ आणि २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून सोडून जे तीन प्रयोग झाले ते धावपट्टीवर उतरण्याचे होते, उष्णतेशी त्यांचा संबंध नव्हता. म्हणजे या पंखवाल्या यानाच्या अंगाला खरी झळ लागली ती त्या ७७० सेकंदांतच. पुढचं यान कक्षेतून परत यायचंय, मॅक २५ च्या आसपासच्या वेगाने. ५ आणि २५ मधलं अंतर ३ आणि १२०० घन इंचांइतकं नसेल, पण कमीही नाही. त्या २०१६ च्या सकाळी नाकाच्या टाइलवर किती अंश अपेक्षित होते आणि किती भरले, हे दोन आकडे मला कुणी दाखवले तर सगळी रंगीत चित्रं मी आनंदाने परत करीन.